मोठेपणाचं चित्र घरी आणताना

नवा फ्लॅट घेतला, पडदे लागले, सोफा आला, की हॉलमधली मोठी भिंत डोळ्यांत खुपायला लागते. तिथं पूर्वी सात धावते घोडे यायचे. आता अनेकांना 'ओरिजिनल ॲक्रिलिक' हवं असतं आणि विषयही वेगळे हवे असतात: नथ, पैठणीच्या पदरावरचा मोर, बुलेट, परदेशी हँडबॅग, जाडजूड मनगटी घड्याळ, गावचा चौसोपी वाडा. ज्या वस्तूंनी आपण मोठेपणा दाखवतो, त्याच वस्तू चित्रात. अशी चित्रं घेणाऱ्या किंवा काढून घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न बहुतेक वेळा हेच असतात:

- समोरचं चित्र खरंच हातानं काढलेलं आहे, की कॅनव्हासवरची छपाई?
- सांगितलेली किंमत वाजवी आहे का?
- आमचा वाडा, आमची बैलजोडी काढून घ्यायची आहे. चित्रकाराशी काय काय ठरवायचं?
- पैसे मोजले म्हणजे त्या चित्राचं कॅलेंडर छापता येईल ना?
- चित्रात एखाद्या कंपनीचं बोधचिन्ह दिसतं. पुढं कटकट होईल का?

कौतुक हवंय की चिमटा?

हे आधी ठरवा, कारण विषय एकच असला तरी चित्रं दोन होतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत हान्स होल्बाइनचं १५३३ सालचं 'द अँबॅसेडर्स' आहे. दोन तरुण मुत्सद्दी, अंगावर फरचं अस्तर लावलेले झगे, मधल्या फडताळावर पृथ्वीचा गोल, खगोलशास्त्राची उपकरणं, तंतुवाद्य. तेव्हाच्या श्रीमंतीची आणि विद्वत्तेची सगळी मिरवणूक. पण त्या वाद्याची एक तार तुटलेली आहे, आणि पायाशी एक तिरपी, ताणलेली आकृती आहे, जी बाजूनं पाहिलं की मानवी कवटी दिसते. गंमत म्हणजे हे चित्र काढून घेणारा झां द दिंतव्हील हा त्या दोघांपैकीच एक. स्वतःचा मोठेपणा आणि त्याला लावलेली टाचणी, दोन्हींचे पैसे त्यानंच दिले.

चारशे वर्षांनंतर डेव्हिड हॉकनीनं कॅलिफोर्नियातल्या घरांचे पोहण्याचे तलाव रंगवले, तेही ॲक्रिलिकमध्ये. इंग्लंडच्या ढगाळ गावातून गेलेल्या माणसाला घरोघरी निळं पाणी ही चैनच वाटली असणार. १९६७ च्या 'अ बिगर स्प्लॅश'मध्ये सपाट रंग त्यानं रोलरनं लावले, आणि क्षणभर उडालेलं पाणी बारीक ब्रशांनी रंगवायला जवळपास दोन आठवडे घेतले. त्या चित्रात ना स्तुती आहे ना टिंगल, आणि मला तरी तो तिसरा मार्ग सगळ्यात टिकाऊ वाटतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच, की चित्र कुठं लागणार आणि रोज कोण पाहणार ते ठरवून मग सूर निवडा. कंपनीच्या स्वागतकक्षात उपरोध खपतो, कधी कधी शोभतोही. पण सासऱ्यांच्या साठीशांतीला त्यांच्याच फॉर्च्युनरचं चित्र देणार असाल, तर चिमट्याचा मोह आवरा. प्रदर्शनात तयार चित्र घेताना चित्रकाराला सरळ विचारा, "यात तुम्ही त्या वस्तूकडे कसं बघताय?" उत्तर ऐकून चित्र नकोसं झालं, तर तिथंच कळलेलं बरं.

'ओरिजिनल' ओळखायचं कसं

बाजारात या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. चित्रकारानं स्वतःच्या कल्पनेनं, स्वतःच्या हातानं काढलेलं चित्र. दुसऱ्याच्या चित्राची हातानं केलेली नक्कल. कॅनव्हासवर केलेली छपाई. आणि छपाईवर पारदर्शक जेलचे किंवा रंगाचे चार फटकारे मारून उठाव आणलेला माल. फसगत होते ती प्रामुख्यानं या चौथ्या प्रकारात, कारण हात फिरवला की खरबरीत लागतं आणि विकणारा "बघा, टेक्श्चर" म्हणतो. संगणकाकडून करून घेतलेली प्रतिमा छापून तिच्यावर ब्रश फिरवण्याचा प्रकारही आता त्यात आला आहे.

छपाई विकणं हा गुन्हा नाही. छपाईला ओरिजिनलची किंमत लावणं ही लबाडी आहे. हे तपासा:

- भिंग लावा. साध्या छपाईत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. हातानं लावलेल्या रंगात ठिपके नसतात, एका रंगाखाली दुसरा डोकावतो.
- उजेड बाजूनं पाडा. मोबाइलचा टॉर्च चित्राला जवळजवळ समांतर धरा. उंचवटे चित्रातल्या आकारांच्या मागं जातात का ते पाहा. नथीचा मोती एकीकडे आणि ब्रशचा फटकारा भलतीकडे असेल, तर खाली छपाई आहे.
- कड आणि पाठ पाहा. चौकटीवर दुमडलेल्या कडेला रंगाचे ओघळ, बोटांचे डाग, खालचा पांढरा थर दिसतो. पाठीमागे नाव, वर्ष, माध्यम, आकार लिहिलेला असतो. फ्रेम मागून बंद असेल तर उघडून दाखवायला सांगा.
- कामाच्या मधल्या टप्प्यांचे फोटो मागा. रेखाटन, पहिला थर, अर्धवट चित्र. आजचे बहुतेक चित्रकार असे फोटो काढून ठेवतात. मागितल्यावर राग आला तर तो इशारा समजा.

प्रमाणपत्राचा कागद लागतोच, पण एकटा तो पुरेसा नाही. त्यावर चित्राचा फोटो, शीर्षक, आकार, माध्यम, वर्ष आणि चित्रकाराची सही हवी. 'हँडमेड' किंवा 'म्युझियम क्वालिटी' एवढंच लिहिलेल्या कागदाला फारसा अर्थ नाही.

किंमतीचा हिशेब

नवोदित आणि मधल्या फळीतले बरेच चित्रकार चौरस इंचाला दर धरतात. समजा दर २० रुपये आहे आणि चित्र ३६ बाय ४८ इंचांचं, तर १,७२८ चौरस इंचांचे ३४,५६० रुपये. दर ठरतो चित्रकाराच्या आधीच्या विक्रीवर, प्रदर्शनांवर, मागणीवर. त्यामुळे "एवढ्याशा चित्राला एवढे?" असं विचारण्याऐवजी याच आकाराची आधीची चित्रं कितीला गेली ते विचारा. चित्राचा विषय महागडी बॅग आहे म्हणून चित्र महाग, हे गणित मात्र मान्य करू नका.

गॅलरीतून घेतलं तर किंमतीत तिचा वाटा असतो, आणि तो बरेचदा तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जातो. त्या बदल्यात निवड, कागदपत्रं आणि नंतर दाद मागायला एक पत्ता मिळतो. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या दालनांत चित्रकार सहसा स्वतःच आपल्या चित्रांजवळ बसलेला भेटतो, आणि बाहेरच्या फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात. १८८८ पासून चालत आलेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन आणि राज्य कला प्रदर्शन इथं एकाच फेरीत पुष्कळ नव्या हातांचं काम दिसतं. विकत न घेता नुसतं पाहत हिंडा. चार प्रदर्शनं झाली, की छपाई दुरूनही ओळखू येते.

गुंतवणूक म्हणून घेऊ का, असंही विचारलं जातं. हॉकनीच्या तलावाचंच एक ॲक्रिलिक चित्र २०१८ मध्ये ९ कोटी डॉलरांच्या वर गेलं, हे खरं. अशा बातम्या वाचून खरेदी करू नका. बहुसंख्य चित्रांना दुसरं गिऱ्हाईक मिळणंच कठीण असतं. भिंतीवर रोज पाहायला आवडेल तेच घ्या आणि ते पैसे खर्च झाले असं धरा.

काढून घेणार असाल तर

सगळ्यात जास्त वाद याच प्रकारात होतात, आणि बहुतेक वेळा दोष कुणाच्या नियतीचा नसतो, तोंडी बोलण्याचा असतो. "आमचा वाडा जरा भव्य दाखवा" यातलं 'जरा' दोघांच्या डोक्यात वेगळं असतं. म्हणून क्रम असा ठेवा.

१. त्या चित्रकाराची आधीची कामं पाहून मगच जा. जो सपाट, झगझगीत रंगांत काम करतो त्याच्याकडून काकांच्या मिशांचा प्रत्येक केस मागू नका. शैली बदलून द्या म्हणणं म्हणजे माणूस चुकीचा निवडला.

२. वस्तूंची यादी द्या, मांडणी त्याच्यावर सोडा. वडिलांची पहिली स्कूटर, आजीची नथ, शंभर वर्षांचा दिंडी दरवाजा, दाराशी बैलजोडी. तीन-चार वस्तूंवर थांबा. सगळंच कोंबलं की चित्राचा रुखवत होतो.

३. फोटो तुमचे स्वतःचे द्या. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोवरून हुबेहूब चित्र काढलं, तर मूळ छायाचित्रकाराच्या हक्काचा प्रश्न येतो. गाडीचा नंबर, घराची पाटी, मुलांचे चेहरे चित्रात हवेत का, हेही आत्ताच सांगा.

४. आधी छोटं रेखाटन किंवा रंगीत कच्चा आराखडा मागा आणि त्यावर लेखी होकार द्या. त्याचे वेगळे पैसे पडले तर द्या.

५. बदलांची मर्यादा ठरवा. रेखाटनात दोनदा, रंगात एकदा, असं काहीतरी. ॲक्रिलिक लवकर सुकतं आणि वरून पुन्हा रंगवता येतं, म्हणून बदल सोपे असतात असा समज आहे. आकाशाचा रंग बदलणं सोपं. वाडा डावीकडून उजवीकडे नेणं म्हणजे नवं चित्र.

६. हप्ते लिहून ठेवा. एक हिस्सा आगाऊ, एक रेखाटन मंजूर झाल्यावर, उरलेला चित्र हातात आल्यावर. काम अर्धवट राहिलं तर कुणी किती परत करायचे, तेही. चित्रकाराचं आगाऊ मागणं संशयास्पद मानू नका. कॅनव्हास आणि चांगले रंग स्वस्त नाहीत.

या सगळ्याला वकील लागत नाही. एक पानी कागद किंवा सविस्तर ईमेल आणि त्याला दुसऱ्या बाजूचा स्पष्ट होकार, एवढं बऱ्याच वेळा पुरतं. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका.

पैसे दिले, मग काय काय तुमचं?

चित्राची मालकी आणि चित्राचा कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात याची उत्तरं आहेत.

तयार चित्र विकत घेतलंत तर कॅनव्हास तुमचा, कॉपीराइट चित्रकाराचाच. तो त्याच्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं टिकतो. दिवाणखान्यातल्या फोटोत मागं चित्र दिसलं तर कुणी हरकत घेत नाही. पण कंपनीचं कॅलेंडर, दिवाळीची भेटकार्डं, टी-शर्ट, पुस्तकाचं मुखपृष्ठ यासाठी चित्रकाराची परवानगी लागते. कॉपीराइट विकत घ्यायचा तर सहीनिशी लेखी हस्तांतर हवं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा नियम मात्र उलटा आहे. वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा. हे अनेक चित्रकारांनाही ठाऊक नसतं, आणि ते त्याच चित्राच्या छपाया विकायला ठेवतात. आपल्या वाड्याचं चित्र तिसऱ्याच्या बैठकीत लागलेलं चालेल का, हे त्या एक पानी कागदावर लिहून टाका. चित्रकाराला आपल्या कामाच्या नमुन्यांत ते दाखवायची मुभा द्या, त्यात तुमचं काही जात नाही.

दोन्ही प्रकारांत चित्रकाराचे दोन हक्क विक्रीनंतरही संपत नाहीत: चित्र त्याचं म्हणून ओळखलं जाणं, आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड न होणं. म्हणजे भिंतीत बसत नाही म्हणून कापून घेणं, सही झाकणं, फ्रेमवाल्याकडून बैलांना शेंदूर लावून घेणं, हे नको. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प काढताना मोडलं, त्यावरून दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये सरकारला भरपाई द्यायला लावली आणि अवशेष त्यांना परत करायला सांगितले. चित्र कपाटावर टाकून दिलंत किंवा त्याच्या मनासारखं लावलं नाहीत, तर मात्र चित्रकाराला या हक्काखाली तक्रार करता येत नाही. कायद्यानंच तसं स्पष्ट म्हटलं आहे.

चित्रातलं बोधचिन्ह

मर्सिडीजचा तारा किंवा एखाद्या बॅगेवरची अक्षरं असलेलं चित्र घरात लावल्यानं तुमच्यावर काही बालंट येत नाही. प्रश्न येतो तो ते चिन्ह घेऊन व्यापार केला तर. परदेशातले दोन निकाल दोन टोकांचे आहेत. नादिया प्लेस्नर या डॅनिश चित्रकर्तीनं लुई व्हिताँची बॅग हातात घेतलेलं उपाशी मूल रंगवलं. कंपनी न्यायालयात गेली, आणि २०११ मध्ये हेगच्या न्यायालयानं चित्रकर्तीच्या बाजूनं कौल दिला. उलट न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली हर्मेसच्या बर्किन बॅगेवर बेतलेल्या 'मेटाबर्किन्स' या डिजिटल प्रतिमा विकणारा कलावंत हरला. ज्यूरीनं त्याला १,३३,००० डॉलर भरायला लावले. दोन्ही निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण अंदाज यायला पुरेसे आहेत. भिंतीवरचं एक चित्र ठीक. त्याच चित्राच्या पिशव्या आणि कॉफीचे मग विकायचे असतील तर आधी वकील गाठा, मग छापखाना.

बिल आणि कर

- पक्कं बिल घ्या. त्यावर चित्रकाराचं नाव, शीर्षक, आकार, 'कॅनव्हासवर ॲक्रिलिक' असं माध्यम आणि 'मूळ चित्र' हे शब्द हवेत. पुढं वाद झाला तर हेच शब्द कामी येतात.
- हातानं रंगवलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. नोंदणी नसलेला चित्रकार जीएसटी लावू शकत नाही. लावलाच तर नोंदणी क्रमांक विचारा.
- २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला होतो, तरी कागदाविना राहता तुम्ही.
- चित्र पुढं नफ्यात विकलंत तर तो भांडवली नफा. घरातल्या टेबलखुर्चीची सवलत चित्राला नाही. २४ महिन्यांहून जास्त काळ जवळ ठेवून विकलं तर १२.५ टक्के कर.
- नात्याबाहेरच्या माणसानं दिलेल्या भेटींचं मूल्य वर्षात ५०,००० च्या वर गेलं, तर ते तुमच्या उत्पन्नात धरतात, आणि चित्रही त्यात मोजलं जातं. स्वतःच्या लग्नातली भेट याला अपवाद. व्यवसायातल्या ओळखीतून भारी चित्र आलं तर हिशेबनीसाच्या कानावर घाला.

घरी आल्यावर

ॲक्रिलिक तेलरंगासारखं पिवळं पडत नाही, लवचिक राहतं, महिनोन्महिने ओलं राहत नाही. पण ते मुळात प्लॅस्टिक आहे. उन्हाळ्यात पृष्ठभाग किंचित मऊ होतो, धूळ धरून ठेवतो आणि टेकलेल्या वस्तूला चिकटतो. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर त्याचे गोल ठसे उमटतात, आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या चित्राची काय अवस्था होईल ते सांगायला नको. रंगावर आधी ग्लासिन किंवा सिलिकॉनचा कागद, मग बाकीचं वेष्टन. काच लावायचीच असेल तर ती रंगाला टेकणार नाही अशी आतली पट्टी फ्रेमवाल्याकडून बसवून घ्या.

दिवाळीची साफसफाई हा या चित्रांचा खरा वैरी. ओल्या फडक्यानं पुसू नका, आणि काच पुसायचा फवारा, सॅनिटायझर, स्पिरिट यांपैकी काहीही वापरू नका, कारण अल्कोहोलनं रंग विरघळतो. कोरडा, मऊ, रुंद ब्रश पुरतो. वर व्हार्निश दिलं आहे का आणि ते पुढं काढता येणारं आहे का, हे चित्रकाराला विचारून बिलाच्या मागं लिहून ठेवा.

पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नका. लावावंच लागलं तर मागं चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळेल. बुरशी दिसली तर पुसून पसरवू नका. चित्र कोरड्या, वाऱ्याच्या खोलीत हलवा आणि जाणकाराला दाखवा. देवघराजवळ उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघराजवळ फोडणीचा चिकटा, या दोन्हींपासून ते लांब हवं, मग वास्तूची दिशा काहीही म्हणो.

परदेशी पाठवताना

मुलीला न्यू जर्सीला चित्र पाठवायचं असेल तर हयात चित्रकाराचं नवं चित्र नेता येतं. शंभर वर्षांहून जुनी चित्रं, तसंच राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा नऊ कलावंतांची कोणतीही मूळ चित्रं देशाबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. वाडा, पैठणी असे जुन्या वळणाचे विषय पाहून अधिकाऱ्यांनी शंका काढू नये म्हणून वर्ष लिहिलेलं बिल आणि प्रमाणपत्राची प्रत सोबत द्या. गुंडाळायचं झालं तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, रुंद नळीवर. आत वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते.

फसवणूक झाली तर

ऑनलाइन मागवलेलं पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. ओरिजिनल म्हणून छपाई आली असेल तर विकणाऱ्याला आधी लेखी कळवा आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत द्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथं ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. पुनर्विक्रीसाठी घेतलेल्या चित्राला ग्राहक कायद्याचं संरक्षण मिळत नाही, म्हणून विकणाऱ्याशी बोलताना "पुढं दुप्पट भावानं विकीन" अशी बढाई लेखी मारू नका. आयोगापुढं तीच तुमच्याविरुद्ध वाचली जाईल.